भोईटेकची बुजलेली विहीर

१

भोईटेक वस्तीतली अठ्ठावन्न घरं मंगळवारी सकाळी सव्वाअकराला नाहीशी झाली.

घरं जागेवरच होती. चुली पेटलेल्या, म्हशी दावणीला, धरणगावच्या पुढं नदीच्या वळणात बसलेली वस्ती जशीच्या तशी. नकाशात तेवढी नव्हती. आणि आता दिवस असे आलेत की नकाशात नसलेला माणूस बुडाला तरी त्याला कुणी मोजत नाही.

चार दिवस परतीचा पाऊस वरच्या डोंगरात कोसळत होता. धरण तुडुंब. रात्री आठला दरवाजे उघडणार, असा निरोप त्या सकाळीच आला. त्याआधी सहाला पूररेषेच्या आतल्या घरांची यादी निघणार होती. ही यादी माणूस काढत नाही, मशीन काढतं. सर्व्हरवरच्या नकाशात लाल रेषेच्या आत जी घरं, ती यादीत. यादीत जे, त्यांना बस, त्यांना शाळेची खोली, त्यांना होडी. बाकीच्यांना देव.

जळगावला मेहरूणच्या बाजूला, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर नदीकाठ नकाशा कक्ष आहे. तिथं नूतन अकरा महिन्यांच्या करारावर नकाशे काढते. भाद्रपदात तिनं हातात जीपीएस घेऊन, चिखल तुडवत, भोईटेकचं एकेक दार गाठलं होतं. आधीची मोजणी कुणीतरी कचेरीत पंख्याखाली बसून केलेली. तिच्यात घरंच नव्हती आणि लाल रेषा वस्तीच्या दोनशे पावलं खालून गेलेली. नूतनच्या मोजणीत रेषा वर आली आणि अख्खी वस्ती तिच्या आत सापडली. कालच संध्याकाळी तिनं तो नकाशा धुळ्याच्या सर्व्हरवर चढवला होता.

आज उघडला तर भोईटेकच्या जागी नुसतं रान.

तिनं परत चढवला. तेच. तिसऱ्यांदा चढवला. 'यशस्वी' असा शब्द आला, आणि घरं नाहीतच.

फोन करून वस्तीला सांगायला काय झालं, असं कुणी म्हणेल. नूतननं पहिला फोन तोच केला. चुडामण आबा तिच्या आईचे वडील, भोईटेकलाच राहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वस्तीत बावीस जण अंथरुणाला खिळलेले, तीन बाळंतिणी. बाहेर पडायला एकच फरशी, नदीवरचा बुटका पूल, तिच्यावर आत्ताच गुडघाभर पाणी. त्यातून बस निघेल, पण म्हातारं माणूस पायी निघणार नाही. आबांनी तालुक्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की तुमची वस्ती यादीत दिसत नाही.

नूतन उठून साहेबांच्या केबिनकडं निघाली, तर साहेबच दारात उभे.

"घरं पुसलीस तू," ते म्हणाले.

२

आपल्या कचेऱ्यांत चूक सापडली की आधी माणूस शोधतात. कारण मागाहून, सवड मिळाली तर.

रतिलाल साहेब कक्षाचे प्रमुख. त्यांच्याकडं माणूस तयार होता. फाइलवर शेवटचा हात नूतनचा. आजोळ तिचं भोईटेकला. लाल रेषेत गेलं की घर बांधायची परवानगी बंद, जागेला गिऱ्हाईक नाही. साहेबांनी दोनात दोन मिळवले आणि तिला सांगितलं, सहाच्या आत लेखी खुलासा दे, नाहीतर उद्या पोलिसांत कागद जाईल. तोवर जागेवरून उठायचं नाही.

वर पुरावा हवा म्हणून त्यांनी दिपमाला अक्कांना बोलावून घेतलं. ही चूक त्यांना महाग पडणार होती.

अक्का दीपनगरच्या वसाहतीत वाढल्या. वडील वीज केंद्रात बॉयलरवर. पदवी नाही, टायपिंग शिकायला गेल्या आणि बिघडलेली मशीनं उघडून बाकीचं शिकल्या. आज पन्नाशी ओलांडली, पण भुसावळपासून धुळ्यापर्यंत कुठलं मशीन रुसलं की फोन त्यांनाच जातो. कापडी पिशवी, पिशवीत वायरी, पेचकस आणि फडक्यात कळण्याची भाकर.

बारा वाजता त्या आल्या. साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला आणि कोणी पुसलं ते काढून द्या म्हणाले. अक्का म्हणाल्या की आधी काय झालं ते बघू, कोणी केलं ते आपोआप येईल.

साहेबांना हे आवडलं नाही, पण त्यांनी व्यवस्था समजावून सांगितली. नूतनचं काम जळगावच्या मशीनवर, डी ड्राइव्हमध्ये, 'नदीकाठ' नावाच्या फोल्डरात. धुळ्याच्या सर्व्हरवर ह्या फोल्डरची नोंदणी केलेली. नोंदणी म्हणजे सर्व्हरला पत्ता देणं: माल इथं आहे, उचलून नेऊ नको, इथूनच वाचत जा. दोन्हीकडं ड्राइव्ह तेच, फोल्डरांची नावं तीच, असा साहेबांचा दंडक. शिस्त म्हणजे शिस्त. आणि नोंदणी तपासल्यावर हिरवी खूण आलेली. त्यांनी स्वतः पाहिलेली.

"धुळ्याच्या सर्व्हरवर ह्या कामाची जुनी प्रत वगैरे काही?" अक्कांनी विचारलं.

"कोरं मशीन आहे, मॅडम. दसऱ्यानंतर चालू केलं. आठ दिवस झाले."

अक्का भिंतीकडं बघत होत्या. तिथं साहेबांच्या वडिलांचा मोठा फोटो होता. धरणगावातले कापसाचे जुने व्यापारी. हार घातलेल्या काट्याशेजारी उभे, समोर हंगामातली पहिली गाडी, बैलांच्या शिंगांना गोंडे. साहेब अभिमानानं म्हणाले की आमच्याकडं मुहूर्ताचं माप कधी चुकलं नाही, कापूस ओला असो की कोरडा.

अक्कांनी मान हलवली आणि नूतनच्या टेबलाकडं गेल्या.

३

नूतनच्या समोर कोरा कागद होता आणि पेनाचं टोपण तिनं चावून चपटं केलं होतं. ती रडली नव्हती. रडणाऱ्या माणसापेक्षा न रडणाऱ्याकडं बघवत नाही.

अक्कांनी तिला फोल्डर उघडायला सांगितलं. डी ड्राइव्ह, नदीकाठ. नकाशा उघडला. लाल रेषा वर, रेषेच्या आत ठिपके. अक्कांनी बोट ठेवत मोजले. अठ्ठावन्न.

म्हणजे इथं काहीच पुसलेलं नव्हतं. साहेब मागं येऊन उभे राहिले होते. ते लगेच म्हणाले की मग सर्व्हरवर पुसलं असेल. नूतन म्हणाली की सर्व्हरवर हात घालायचा अधिकार फक्त धुळ्याच्या भूषणला आहे. भूषण म्हणजे तिथं सर्व्हर सांभाळणारा तांत्रिक, तोही करारावरच.

"मग भूषणला लावा फोन," अक्का म्हणाल्या.

फोन बंद होता. साहेबांनी खांदे उडवले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पंखा तर पाचवर.

अक्कांनी आता सर्व्हरवरचा नकाशा उघडला, म्हणजे जो जगाला दिसतो तो. रान, नदी, फरशी, वस्तीचं नाव आणि एक निळं वर्तुळ. तेवढंच. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग नूतनला म्हणाल्या की आबांना लाव आणि ह्यात जे दिसतंय ते एकेक वाचून दाखव. जे नाही ते नको. जे आहे ते.

आबांच्या मागं ओरडाआरडा ऐकू येत होता. कुणी म्हशी सोडत होतं, कुणी कुणाला शिव्या घालत होतं. नूतननं वाचलं. फरशी आहे, आबा. नदीचं वळण आहे. मारोतीच्या जागेवर विहीर आहे.

आबांनी मागच्यांना गप्प केलं.

"कोनती इहिर, माय?" आबा म्हणाले. "ती ते चार साल पहिले बुंजी टाकी आम्हीन. आते तठे मारोतीना ओटा शे. तुन्हा नकाशा येडा व्हयना का?"

नूतननं फोन ठेवला. तिनं भाद्रपदात त्या ओट्यावर बसून पाणी प्यायलं होतं. विहीर तिनं काढलेलीच नव्हती.

अक्का साहेबांकडं वळल्या.

"साहेब, घरं पुसणारा चोर बुजलेली विहीर कशाला परत खणेल?"

अक्कांनी पिशवी उचलली. हा नकाशा पुसलेला नाही, जुना आहे, त्या म्हणाल्या. तीन वेळा नवा चढवला आणि तीनदा जुना निघाला. कुठून तरी येतोय. जळगावात तो नाही. मग कुठं आहे, ते बघायला धुळ्याला जावं लागेल.

घड्याळात पाऊण वाजला होता. धुळं दोन तास. आणि भूषणचा फोन अजून बंद.

४

पारोळ्यापर्यंत पावसानं काच दिसू दिली नाही. अक्कांनी भाकर गाडीतच खाल्ली. एरंडोलजवळ नूतनचा फोन आला. आबांनी निरोप दिला होता की बठ्ठे तयार शेतस, गाडी कव्हय येई तेवढं सांग. तिनं काय सांगावं?

अक्का म्हणाल्या, खोटं सांगू नको. सहा वाजेपर्यंत थांबा म्हण आणि चालू शकणाऱ्यांना आत्ताच काढा म्हण. फरशीवर दोर बांधा.

तिनं विचारलं की खुलाशात काय लिहू. अक्का म्हणाल्या, तुला जे माहीत आहे ते लिही. नूतन म्हणाली, मला त्या घरांची नावं माहीत आहेत, बाकी काही नाही.

"मग नावं लिही," अक्का म्हणाल्या.

पावणेतीनला धुळं. सर्व्हर ठेवलेली खोली एका जुन्या गोदामाच्या मागं, दाराला आतून कडी. अक्कांनी तीनदा दार वाजवलं. आत कुणीतरी होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही.

"भूषण," त्या बाहेरून म्हणाल्या, "मी पोलीस नाही. पण सहा वाजले की पोलीसच येतील, आणि ते माझ्यासारखं दार वाजवत बसणार नाहीत."

कडी निघाली. दारात तिशीचा पोरगेला माणूस, दाढी वाढलेली, डोळे लाल.

तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "मला साहेबांनी सांगितलं होतं, अक्का, की तुम्ही येणार आणि मी काही बोलायचं नाही."

५

खोलीत गारवा होता आणि झेंडूचा कुजका वास. सर्व्हरच्या कपाटाला हार लटकत होता, वाळून काळा पडलेला. कपाळपट्टीवर कुंकू, वर आपट्याची पानं. दसरा होऊन बारा दिवस झाले होते.

मशीनची पूजा आमच्याकडं सगळेच करतात. ट्रॅक्टरची करतात, मोटारीची करतात, पिठाच्या गिरणीची करतात. त्यात अक्कांना नवल नव्हतं. पण दसऱ्यानंतर चालू झालेल्या मशीनला दसऱ्याचा हार, एवढं त्यांच्या डोक्यात खुपलं.

त्यांनी भूषणला बाजूला बसवलं आणि सर्व्हरचा डी ड्राइव्ह उघडला.

नदीकाठ.

फोल्डर तिथं होता. जळगावात होता तसाच, त्याच ड्राइव्हमध्ये, त्याच नावानं. आत एक नकाशा. रान, नदी, फरशी, विहीर. तारीख दसऱ्याची, वेळ सकाळी सव्वानऊ.

भूषण आपणहून बोलायला लागला. दसऱ्याला साहेब स्वतः आले होते, नारळ घेऊन. नव्या सर्व्हरवर पहिला नकाशा मुहूर्तावरच चढला पाहिजे म्हणाले. नूतनचं काम तेव्हा अर्धवट होतं. साहेब म्हणाले जुनी मोजणी घाला, मुहूर्ताचं माप ओलं असलं तरी चालतं. भूषणनं जुना नकाशा सर्व्हरवरच फोल्डर करून ठेवला, नाव दंडकाप्रमाणं 'नदीकाठ'. साहेबांनी बटण दाबलं. त्याच दिवशी वर कागद गेला की काम शंभर टक्के पूर्ण. भूषणला सांगितलं, हे आपल्या दोघांत.

"मग सोमवारी जळगावच्या फोल्डरची नोंदणी केलीस तेव्हा?"

भूषणनं नोंदणीचं पान दाखवलं. दोन रकाने. एकात नकाशा काढणाऱ्याच्या मशीनवरचा पत्ता: डी ड्राइव्ह, नदीकाठ. दुसऱ्यात सर्व्हर जिथून वाचणार तो पत्ता. तिथं त्यानं 'वरीलप्रमाणेच' अशी खूण केली होती. दोन्ही सारखेच तर होते. आणि खूण हिरवी आली होती.

अक्का खुर्चीत मागं रेलल्या. आता सगळं जागेवर बसलं होतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुला कुणी म्हटलं, मारोतीच्या देवळामागं तिसरं घर, तर कुठं जाशील? गावाचं नाव सांगितलंच नाही. तू तुझ्याच गावच्या मारोतीमागं जाशील. सर्व्हरनं तेच केलं. डी ड्राइव्ह म्हटल्यावर त्यानं स्वतःचा डी ड्राइव्ह उघडला. ह्याच नावाचा फोल्डर सापडला, तो म्हणाला बरोबर आहे. तुमच्या मुहूर्ताचा फोल्डर तिथं नसता तर पहिल्याच दिवशी लाल फुली आली असती, तुम्ही शोधलं असतं, दहा मिनिटांत काम झालं असतं. नूतन तीनदा चढवत होती, तो तीनदा दसरा दाखवत होता."

भूषणनं तोंडावरून हात फिरवला. साडेतीन झाले होते. तेवढ्यात अक्कांचा फोन वाजला. साहेब. आवाज एकदम गोड. त्यांनाही आत्ताच सुचलं होतं म्हणे. जळगावचा फोल्डर धुळ्याला पाठवायला कुलूप उघडून देतो, तिथं त्याच नावाचं काही असेल तर त्याच्यावरून कॉपी करून टाका, विषय संपवा.

त्याच नावाचं काही असेल तर.

अक्का म्हणाल्या, "साहेब, मी तुम्हाला अजून सांगितलंच नव्हतं की इथं त्या नावाचं काही आहे."

फोन कट झाला.

६

अक्कांनी भूषणला आधी नकाशाची सेवा थांबवायला लावली, मग फोल्डरचं नाव बदलायला. 'नदीकाठ' पुसून 'दसरा'. आतली एक रेघ हलवायची नाही, तारीख राहू दे. मग नोंदणी परत तपासली.

लाल फुली.

भूषणचा चेहरा उतरला. अक्कांचा उजळला. बारा दिवसांत हे मशीन पहिल्यांदा खरं बोललं, त्या म्हणाल्या.

आता पत्ता गावासकट द्यायचा होता. दुसऱ्या रकान्यात ड्राइव्हचं अक्षर नाही, तर आधी जळगावच्या मशीनचं नाव आणि मग फोल्डर. कॉपीवर भागणार नव्हतं. रात्री पाणी चढेल तशी नूतन रेषा हलवणार, आणि कॉपी संध्याकाळचीच राहील. भूषणनं पत्ता टाकला, तपासलं. परत लाल फुली. त्यानं स्वतः तो फोल्डर उघडून पाहिला. उघडला. नुसतं बघता येत होतं, कॉपी करायला साहेबांचं कुलूप होतं.

"मला तर दिसतोय, अक्का."

"तुला दिसतोय. सर्व्हर तुझ्या नावानं जात नाही, त्याचं खातं वेगळं. त्या खात्याला जळगावच्या दारात कुणी ओळखत नाही. तिकडून परवानगी पाहिजे."

परवानगीचा पासवर्ड एकाच माणसाकडं होता.

पाच वाजून पाच मिनिटं. नूतननं फोन स्पीकरवर करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले की नियमानं लेखी मागणी लागते, उद्या बघू. मग म्हणाले, एक मार्ग आहे. फोल्डरचं नाव पहिल्यासारखं करा, वरून कॉपी करा, मी कुलूप उघडतो, पाच मिनिटांत. दसऱ्याचं काही मागं राहायला नको.

म्हणजे भोईटेक वाचेल. आणि नूतननं घरं पुसली नाहीत हे सांगणारी एकमेव वस्तू जाईल. उद्या पोलिसांत जाणारा कागद तसाच जाईल.

अक्कांनी आयुष्यात बरेच हरामखोर बघितले होते, पण एवढ्या सावकाश बोलणारा नव्हता बघितला. त्या तोंड उघडणार तोच नूतनचा आवाज आला.

"पुसू द्या, अक्का."

अक्कांनी फोन जवळ ओढला.

"आबा फरशीवर उभे आहेत," नूतन म्हणाली. "माझं काय ते नंतर बघू. पुसू द्या."

अक्कांनी माउसवर हात ठेवला. पाच वाजून बावीस.

"थांबा." हा भूषण होता. साहेबांपुढं ज्याच्या तोंडून कधी शब्द निघाला नव्हता तो फोनकडं वाकून बोलत होता. "साहेब, फोल्डर पुसाल. फोटोचं काय कराल?"

"कसला फोटो?"

"दसऱ्याचा. तुम्हीच कक्षाच्या ग्रुपवर टाकलाय. चाळीस जणांच्या फोनात आहे."

नूतननं तिथंच फोन चाळला. सापडला. सर्व्हरला ताजा हार, बाजूला नारळ, साहेबांचा उजवा हात माउसवर आणि डावा उजव्या कोपराला लावलेला, आहुती देताना लावतात तसा. पडद्यावर नकाशा. मोठा करून पाहिलं तर वर फोल्डरचं नाव वाचता येत होतं, आणि खाली निळी विहीर. फोटोखाली साहेबांनी हात जोडल्याची तीन चित्रं टाकली होती.

तिनं तो साहेबांच्या समोर धरला.

"सहाच्या यादीवर सही कुणाची असते, साहेब?" अक्कांनी धुळ्याहून विचारलं. "नूतनची नसते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कीबोर्ड ओढला. पासवर्ड टाकून परवानगी दिली.

तपासा, भूषण म्हणाला, आणि स्वतःच बटण दाबलं. हिरवी खूण. ह्या वेळी कुणालाच तिचा भरवसा वाटेना. पाच वाजून एकेचाळीसला नूतननं नकाशा चढवला. पट्टी सरकत गेली, अडकली, सरकली. पाच बावन्नला नकाशा उघडला.

अक्कांनी विहीर शोधली. नव्हती. तिथं मारोतीचा ओटा होता, आणि त्याच्याभोवती ठिपके. नूतन तिकडून मोठ्यानं मोजत होती. अठ्ठावन्नला ती थांबली.

७

बसगाड्या सव्वासहाला धरणगावहून सुटल्या. पावणेआठला सगळे पोचल्याचा आबांचा फोन आला, शाळेच्या वऱ्हांड्यातून.

"बठ्ठा ऊनात, माय. एक मारोती राह्यना तठे. त्याले पव्हता येस."

रात्रीत पाणी ओट्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं. नूतननं दोनदा रेषा हलवली आणि दोन्ही वेळा नकाशात ती हलली. नऊ घरं पडली. माणूस एकही गेलं नाही.

सकाळी अक्का जळगावला आल्या तेव्हा साहेबांच्या टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. 'तांत्रिक अडचणीमुळे विलंब. कोणाचीही वैयक्तिक जबाबदारी आढळून येत नाही.' काल हेच साहेब सव्वाअकराला जबाबदारी घेऊन दारात उभे होते. आज ती कोणाचीच नव्हती. त्यांनी नूतनला बोलावून मोठ्या मनानं सांगितलं की तुझा खुलासा आता नको, झालं ते झालं.

नूतननं तरी तो टेबलावर ठेवला. दोन प्रती. पहिल्या पानावर अठ्ठावन्न घरांची नावं, कुटुंबप्रमुख आणि माणसं, काल दुपारी ज्या क्रमानं आठवली त्या क्रमानं. काही ओळींपुढं पेन अडल्याचे ठिपके. दुसऱ्या पानावर सकाळच्या शाईत चार ओळी. दसऱ्याला सव्वानऊ वाजता कुठला फोल्डर, कुठल्या मशीनवर, कुणाच्या सांगण्यावरून. सोबत फोटो. खाली दोन सह्या, तिची आणि भूषणची.

साहेबांनी वाचलं. कागद सावकाश घडी करून ड्रॉवरकडं नेला आणि म्हणाले की ठीक आहे, ठेवतो.

नूतननं दुसरी प्रत पुढं सरकवली, त्यावर शिक्का आणि शाईची गादी ठेवली.

"पोच द्या, साहेब."